तोंडवाल्याचं तोंड

आमचा कारखाना पुतळ्यांचा. चौकात उभे करतात ते थोरामोठ्यांचे नव्हेत, कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ते. थोरामोठ्यांच्या अंगावर कबुतरं बसतात, आमच्या पुतळ्यांच्या अंगावर नवे कपडे. कोणाचं बरं चाललंय ते ज्याचं त्याने ठरवावं.

नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं हा कारखाना मी चालवते. शिक्षण चार यत्ता. पण फायबरचा पाय उजेडात धरला की त्यात हवेचा बुडबुडा राहिलाय का ते मला लांबून कळतं. चार यत्तांच्या पुढे शिकलेल्यांना ते हातात घेऊनही कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे माणसाला कामावरून हाक मारतात. हात करतो तो हातवाला. माझा थोरला मुलगा चेहरे रंगवतो म्हणून तो तोंडवाला. त्याची बायको पुतळ्यांना केस लावते, ती केसवाली. मला सगळे बाई म्हणतात. माझ्या माघारी काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही, कारण ते मला ऐकू येतं.

कारखान्याच्या दारावर एक पाटी आहे. थोरल्याने सोळाव्या वर्षी लाल रंगाने रंगवलेली, शब्द माझे. ‘इथलं मोडलेलं इथंच दुरुस्त होतं.’ पुतळ्याचं नाक उडू दे, बोट तुटू दे, वस्तू आम्ही दुसऱ्याच्या हातात देत नाही. भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, वर रंगाचे दोन हात मारायचे. जोड दिसला नाही पाहिजे. जोड दिसला की काम करणाऱ्याने मान खाली घालावी, अशी आमची रीत.

एवढं सांगितलं, कारण पुढचं सगळं या पाटीवरूनच झालं.

एके दिवशी कापड दुकानदाराचा फोन आला. हा आमचा जुना माणूस, वर्षाला चाळीस-पन्नास पुतळे घेणारा.

“बाई, तुमचे पुतळे माझ्या गिऱ्हाइकांशी नीट वागत नाहीत.”

“म्हणजे काय करतात?”

“काही करत नाहीत. पण बघतात कसे ते येऊन पाहा. काल एक बाई तासभर त्या निळ्या झग्यासमोर उभी होती. शेवटी पुतळ्याला म्हणाली, माझ्यात काय खोट दिसली ते तोंडावर सांग. आणि निघून गेली.”

मी गेले. दुकानात आमचे पुतळे आले त्या क्रमाने उभे होते, म्हणून मला सगळं एका ओळीत वाचता आलं. दाराजवळचे जुने, ते हसरे, वरचे चार दात दिसणारे. त्यापुढचे नुसते ओठात हसणारे. पुढे ओठ मिटलेले. त्यापुढे ओठ इतके आवळलेले की तोंडात पाण्याची चूळ धरून उभे आहेत असं वाटावं. शेवटचा पुतळा बघून माझीच जीभ टाळूला चिकटली.

परत येऊन थोरल्यासमोर उभी राहिले. तो एका चेहऱ्याच्या भुवया काढत होता. गळ्याचा मफलर नाकापर्यंत ओढलेला.

“हे काय चालवलंयस?”

“हं,” तो म्हणाला.

“पुतळे हसत का नाहीत?”

“हं.”

मुलगा त्रेचाळीस वर्षांचा असला की त्याला कानाखाली देता येत नाही. मी नाक वर करून निघून आले. मला वाटलं, वयाचं काहीतरी असेल, आपोआप जाईल.

गेलं नाही. पुढच्या खेपेला त्याने हातवाल्याकडे चौदा उजवे हात कोपरात वाकवून मागितले. हातवाला भोळा, त्याने दिले. मला कळलं तेव्हा पुतळे दुकानात पोचून उभेही राहिले होते, चौदाच्या चौदा, तोंडावर हात ठेवून. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, आपलंच काहीतरी लाजिरवाणं या चौदा जणींनी आत्ता ऐकलंय. माणसं काचेसमोर थांबायची, आपली बटणं तपासायची, मागे हात फिरवून बघायची आणि वाट बदलायची. टपालवाला तर घरी जाऊन विजार बदलून आला म्हणे.

त्यानंतर सहा पुतळे असे आले की त्यांना तोंडच नव्हतं. नाकाखाली सपाट, गुळगुळीत, थेट हनुवटी. काम इतकं सफाईचं की बोट फिरवलं तरी कुठे ओठ होते ते कळू नये.

दुकानदाराने हा सगळा माल टेम्पोत घालून परत पाठवला. मी दारात उभी राहून त्या वीस पुतळ्यांकडे बघत होते. आणि ते टेम्पोत असतानाच शेजारच्या वाचनालयाचे ग्रंथपाल तिथून चालले होते ते थबकले. सहा बिनतोंडी आणि चौदा हातवाल्या त्यांनी डोळे भरून पाहिल्या.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. ते नेहमीच हळू बोलतात. “मी वीस वर्षं भिंतीवर शांतता राखा लिहितोय. कोणी वाचत नाही. हे पुतळे मला द्या.”

वाचनालयात पुतळे उभे राहिले आणि म्हणे पहिल्याच दिवशी तिथे पान उलटल्याचा आवाज ऐकू आला. आठवड्यात त्यांनी आणखी दोन डझन मागितले, सगळे बिनतोंडी. मी खुशीत घरी आले. रात्रीच्या जेवणाला बसले आणि सुनेला म्हटलं, “बघितलंस? माझ्या पोराच्या हातचं वाया जात नाही. दोन डझन हवेत.”

थोरला टेबलाशी नव्हता. तो आताशा सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून जेवायचा, म्हणजे दुधात पाव कुस्करून नळीने ओढायचा. सून समोर बसली होती. तिने चमचा खाली ठेवला.

“आई, तुमच्या मुलाचं तोंड गेलं आणि तुम्ही त्याची ऑर्डर घेऊन आलात.”

“तोंड गेलं म्हणजे?”

“अकरा आठवडे झाले. ‘हं’ सोडून एक शब्द नाही. शीळ घालत काम करणारा माणूस. झोपताना मफलर. बोलायला गेलं की भिंतीकडे तोंड. परवा मी विचारलं, माझं काही चुकलं का, तर रडायला लागला, तेही तोंड मिटून. तोंड मिटून रडणारा माणूस कधी पाहिलाय तुम्ही? कानातून वाफ निघेल असं वाटतं.”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“कारण सुरुवात तुमच्यापासूनच झाली.”

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस. तर ती म्हणाली, आठवा. रंगाच्या डब्याचं झाकण त्याने दाताने उचकटलं, तो दिवस आठवा.

तो दिवस मला आठवत होता, पण वेगळा. थोरल्याला लहानपणापासून ब्रश दातात धरायची खोड. त्या दिवशी दोन्ही हात अडकले होते म्हणून झाकण दाताने काढायला गेला आणि पुढचा दात अर्धा उडाला. सगळे हसले. मीही हसले. मी म्हणाले होते, बापाचे दात घेतलेस, तुझ्या बापाच्या तोंडात पन्नाशीला घंटेच्या लोलकासारखा एकच उरला होता, आणि माझे बघ. एवढं मला आठवत होतं.

“आणि पुढे?” सून म्हणाली.

“पुढे काय?”

“पुढे तुम्ही म्हणालात, तोंड मिटून बस, गिऱ्हाईक घाबरेल.”

 तसं मी दिवसातून दहा जणांना म्हणते. नऊ जण ऐकत नाहीत.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी, थोरला आणि सून असे तिघं निघालो. मला कोणीतरी सांगितलं होतं की बसस्टँडमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात. त्यांच्या दारासमोरच दुसरं दार, तिथे दातांच्या डॉक्टरीणबाई. मधे जिना आणि बाहेर चपलांचा एकच ढीग. मी विचार केला, पोराच्या तोंडाला काय झालंय, एक दातच तर मोडलाय. बिघडलंय ते मन. म्हणून डावीकडे वळले.

मनाचे डॉक्टर तरुण होते, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. त्यांनी थोरल्याला विचारलं, “झोप कशी लागते?”

“लागत नाही,” मी म्हणाले.

“भूक?”

“नळीने जेवतो.”

“मनात वाईट विचार येतात?”

“त्याच्या येतात का ते ठाऊक नाही, माझ्या आत्ता यायला लागलेत.”

“आजी, त्यांना बोलू द्या.”

“मी तुमची आजी नाही. आणि तो बोलला असता तर मी तुमचे जिने चढले असते का?”

त्यांनी मला बाहेर बसवलं. दहा मिनिटांनी तेच बाहेर आले, हातात चिठ्ठी. “गाल सुजलाय त्यांचा. ताप आहे. दुखणं असं आत दाबून माणूस महिनोन्‌महिने बसला तर मन कोमेजणारच. आधी समोर दात दाखवून या, मग माझ्याकडे.”

आम्ही सहा पावलं चाललो. डॉक्टरीणबाई हसतमुख, हातात आरसा. थोरला खुर्चीत आडवा झाला, दिवा लागला, आणि त्याने ओठ असे आवळले की ते दिसेनासेच झाले. बाईंनी गोडीने सांगितलं, गाल चोळला, गोष्ट सांगितली. पाऊण तासाने त्यांनी हात टेकले.

“यांना भीती बसलीय. मी जबरदस्तीने तोंड उघडणार नाही. आधी समोर दाखवून या. मन मोकळं झालं की तोंड उघडेल.” त्यांनीही चिठ्ठी दिली.

पुन्हा सहा पावलं. मनाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, तिच्या मागे लिहिलं, ‘तोंड उघडल्याशिवाय मन कसं मोकळं होणार,’ आणि परत पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याखाली लिहिलं, ‘मन मोकळं झाल्याशिवाय तोंड कसं उघडणार.’ दुपारपर्यंत आमच्या सात फेऱ्या झाल्या. चिठ्ठीवर जागा उरली नाही तेव्हा बाईंनी तिला दुसरा कागद चिकटवून दिला. आठव्या फेरीला मी जिन्याच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही दारं ठोठावली.

“बाहेर या,” मी म्हणाले. “दोघंही या. माझ्या कारखान्यात पायवाला आणि हातवाला असेच भांडतात, पुतळा आधी कोणाचा. तेव्हा मी दोघांना एकाच टेबलाशी उभं करते. तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्हाला जमेल.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतकी वर्षं समोरासमोर बसत होते, पण त्यांची बहुतेक ती पहिलीच भेट असावी. मग मनाचे डॉक्टर आपली खुर्ची उचलून समोरच्या खोलीत घेऊन आले.

थोरला पुन्हा आडवा. उशाशी मनाचे डॉक्टर, उजवीकडे डॉक्टरीणबाई, पायाशी मी आणि सून. डॉक्टरांनी त्याच्या हातात पेन्सिल आणि वही दिली. “बोलू नका. फक्त लिहा. तोंड उघडलं तर काय होईल असं वाटतं?”

थोरल्याने बराच वेळ पेन्सिल कागदावर टेकवून धरली. मग लिहिलं. अक्षर त्याचं सुंदर, पाटीसारखं. ‘आत माझं काम आहे. वाईट झालंय. लोकांना दिसेल.’

“काम? कसलं काम?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सून एकदम उठली. कोपऱ्यात थोरल्याची पिशवी होती, जी तो न्हाणीघरातसुद्धा घेऊन जायचा. तिने ती ट्रेवर उलटी केली. आतून निघालं ते मी रोज बघते. एक गोल आरसा. दोन केसांचा बारीक ब्रश. पॉलिश पेपरचा तुकडा. लांबीचा लहान डबा. आणि रंगाची एक बाटली, तिच्यावर माझ्याच हातची चिठ्ठी, ‘डोळ्यातला पांढरा’.

पुतळ्यांच्या बुबुळाभोवती आम्ही जो पांढरा लावतो तो.

डॉक्टरीणबाईंनी डबा उचलला, वास घेतला, आणि त्यांचं हसू गेलं. “हे तुम्ही दातात भरलंत?”

त्याने मान हलवली. मग लिहिलं, ‘पुढचा दात. नंतर बाजूचा. नंतर दाढ. गरम चहाने रंग सुटतो. रोज दोन हात देतो.’

“अहो, हे फायबरला लावायचं. हिरडी सडली असेल आतून. हे विष आहे.” त्या माझ्याकडे वळल्या, मी बाटली भरून दिल्यासारख्या. “कोणी सांगितलं यांना हे करायला?”

मीही तेच म्हणाले, तेही वरच्या पट्टीत. “कोणी सांगितलं तुला?”

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हळूच लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. ‘पाटीवर लिहिलंय.’

 नळाच्या पाण्याची बारीक धार तेवढी खुर्चीशेजारच्या चुळीच्या भांड्यात गोल फिरत होती. त्याने वही परत घेतली आणि आणखी एक ओळ लिहिली. ‘तुझ्या तोंडात एकही जोड नाही. माझ्यात तीन. तिन्ही दिसतात.’

आता मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी त्या खोलीत सांगेपर्यंत आमच्या घरात फक्त दोन माणसांना ठाऊक होती. एक मी, दुसरे माझे यजमान. ते गेले.

माझे दात बघून लोक माझं वय विचारतात आणि सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. मी त्यांना कधी दोष दिला नाही. बावीस वर्षांपूर्वी मी बहिणीकडे हवापालटाला म्हणून महिनाभर गेले होते. बहिणीकडे हवा इथल्यासारखीच होती. तिच्या गावात एक म्हातारा कवळ्या करायचा. त्याने माझे उरलेले अकरा दात काढले आणि वरची-खालची कवळी बसवली. तेव्हापासून मी न्हाणीघराला आतून कडी लावते. कोणासमोर सफरचंद खाल्लं नाही. हसले ती मोजून हसले. आणि पोराला एवढी वर्षं सांगत आले, आईचे दात बघ.

दारावर पाटी माझी, आणि स्वतःचं मोडलेलं मी गुपचूप बाहेर दुरुस्त करून आणलं होतं. थोरल्याने मात्र ती पाटी अक्षर न्‌ अक्षर पाळली.

मला वाटलं होतं, हे कळलं तर कारखान्यात मला कोणी विचारणार नाही. हातवाला हाताबाहेर जाईल. पण वहीवरच्या त्या तीन जोडांकडे मी पुन्हा पाहिलं. तो मेला असता तरी तोंड मिटून मेला असता, आणि मी लोकांना सांगितलं असतं, शिस्तीचा होता.

“ट्रे इकडे करा,” मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

वरची कवळी लगेच येत नाही, तिला ओठाच्या कडेने हवा द्यावी लागते. चारचौघांत हे करताना माणूस फार रुबाबदार दिसत नाही. टक्‌ असा आवाज झाला. मग खालची. दोन्ही मी ट्रेमध्ये ठेवल्या, लांबीच्या डब्याशेजारी, आणि पोराकडे तोंड करून उभी राहिले. माझे गाल आत गेले, नाक आणि हनुवटी एकमेकांना भेटायला आली. सुनेने आपल्या तोंडावर हात ठेवला, अगदी त्या चौदांसारखा.

“भघ,” मी म्हणाले. मागे दात नसले की ओठ सैल पडतात, ‘ब’ नीट होत नाही.

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं तो रडेल, किंवा उठून जाईल. पण तो माझा मुलगा आहे, कारखान्यात वाढलेला. त्याने हात लांब केला, वरची कवळी उचलली, दिव्याखाली धरली. आडवी केली. उलटी केली. हिरडी आणि दात मिळतात त्या कडेवरून अंगठा फिरवला. त्याचे डोळे बारीक झाले, चांगलं काम दिसलं की होतात तसे. आणि तो म्हणाला,

“हिचा जोड कुठाय?”

अकरा आठवड्यांनंतरचे पहिले शब्द. आवाज गंजलेल्या कडीसारखा. आणि बोलण्यासाठी, अर्थातच, त्याने तोंड उघडलं होतं.

“मिटू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आरसा आत घातला.

“आई, कुणी केलं हे?” तो आरशाच्या बाजूने विचारत होता. “रंग कुठला वापरलाय? टोकाकडे जरा निळसर मारलाय ना? आपण सगळा एकच पांढरा देतो, म्हणून आपले खोटे दिसतात.”

“भावीफ वर्फांपूर्वी,” मी म्हणाले.

“काय?”

“भावीफ. भावीफ.”

आणि तो हसला. मोठ्याने, सगळं तोंड उघडून. आत तीन पांढरी ठिगळं चमकत होती, बुबुळाभोवतीच्या रंगाचे, जणू माझ्या पोराच्या तोंडातून तीन पुतळे माझ्याकडे बघत आहेत. खालच्या दाढेपाशी हिरडी टमाट्यासारखी फुगलेली. हसता हसता तो रडायलाही लागला, पण या वेळी तोंड उघडं ठेवून, बाया-माणसं रडतात तसा. मनाच्या डॉक्टरांनी रुमालांचा डबा आणायला समोरच्या खोलीत धाव घेतली. डॉक्टरीणबाईंचं लक्ष फक्त दाढेवर होतं.

मी कवळ्या परत मागितल्या, तर म्हणतो, थांब, अजून बघून झाल्या नाहीत.

दाढ गेली. बाजूचा दात वाचला. हिरडीतून पू काढला तेव्हा त्याने माझा हात असा दाबला की हातवाल्याला मी साच्यासाठी दाखवावा. पुढचा दात नवा बसवला, आणि त्याच्या रंगावरून त्याने डॉक्टरीणबाईंशी तीन भेटी भांडण केलं. त्यांच्याकडे रंगांची एक माळ असते, सोळा पांढऱ्यांची. थोरला म्हणाला, माझा सतरावा आहे. शेवटी त्या म्हणाल्या, दाखवा कसा ते. आता कधीकधी त्यांचा निरोप येतो, अमक्याच्या दाताचा रंग ठरत नाहीये, येऊन जाता का.

हिरडी पंधरा दिवसांत भरली. मनाला वेळ लागला, हेही लिहून ठेवते, कारण लोक फक्त हसल्याचं सांगतात. दात बसल्यावरही महिनाभर तो बोलताना हात तोंडाकडे नेत असे, मग आठवून खाली घेत असे. दर आठवड्याला तो समोरच्या दारातही जातो. तिथे काय बोलतो मला ठाऊक नाही. पाऊण तास बोलतो, एवढं कळलंय. माझ्याबद्दल बोलत असणार. बोलू दे. डॉक्टर मला बघितलं की उभे राहतात.

वाचनालयाचे दोन डझन त्याने करायला घेतले नाहीत. म्हणाला, “आई, बिनतोंडी आता जमत नाही.” ग्रंथपालांना नाही सांगायला तो स्वतः गेला, आणि जाताना ब्रश घेऊन गेला. परत आला तेव्हा त्या सहा जणींना तोंडं होती, आणि चांगली मोठी. ग्रंथपालांनी मला भेटून तक्रार केली की आता तिथे लोक गप्पा मारतात. ते तक्रारसुद्धा मोठ्याने करत होते.

पाटी मी काढली नाही. माझे शब्द आहेत. पण एका सकाळी बघितलं तर खाली, त्याच लाल रंगात, एक ओळ वाढलेली. ‘दात सोडून.’ मी विचारलं कोणी लिहिलं, तर सगळे पुतळ्यांकडे बघायला लागले.

परवा नवा माल बघायला दुकानदार आला होता. पुतळे पुन्हा हसतात, तीसच्या तीस, आणि दात टोकाकडे जरा निळसर. तो खूश. मी त्याला आमच्या कामाची तारीफ सांगत होते, माणसाला सांगावी लागते. मधेच थोरला चेहरा रंगवता रंगवता, सगळ्यांदेखत, दुकानदारासमोर म्हणाला, “आई, तुझी वरची आज जरा डावीकडे झुकलीय. संध्याकाळी दे, बघतो.”

हातवाला खाली बघून खांदे हलवत होता. सून केसांच्या गठ्ठ्यात तोंड लपवून बसली. माझ्या तोंडात शब्द आला, तोच जुना, दिवसातून दहा जणांना म्हणते तो. अगदी ओठांपर्यंत आला.

मी जीभ चावली. चावायला दात होते, थोडे डावीकडे झुकलेले.